सुपरवायझरला ऐकायला शिकवा, आणि काम बदलण्याचा अधिकारही द्या

हैदराबादेत नोकरी करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाणार, हे कंपनीचा मालक क्वचितच ठरवतो. माधापूरच्या आयटी कंपनीत तो टीम लीड ठरवतो, जीडिमेटलाच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज, रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज आणि बांधकामावर मुकादम. रजा मंजूर करायची की नाही, रात्रपाळी कोणाला लावायची, चूक झाली तर चारचौघांत बोलायचं की बाजूला घेऊन, हे सगळं त्याच्याच हातात असतं. एखाद्याची झोप उडाली, भूक गेली, कामात लक्ष लागेना, तर ते डॉक्टरच्या आधी त्याला दिसतं, कधी घरच्यांच्याही आधी. घर नांदेडला किंवा लातूरला आणि मुलगा मियापूरच्या पीजीत असेल, तर हे आणखीनच खरं.

तरीही या सुपरवायझरला आपण यंत्र शिकवतो, सॉफ्टवेअर शिकवतो, हजेरीचे नियम शिकवतो. समोरचा माणूस आतून खचत चालला असेल तर काय करायचं, हे मात्र शिकवत नाही. हा लेख त्यासाठी आहे. तुम्ही मनुष्यबळ विभागात असाल, छोट्या कारखान्याचे मालक असाल किंवा स्वतःच दहा-वीस माणसांचे टीम लीड असाल, तर उद्यापासून काय करता येईल ते इथे क्रमाने मांडलं आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. सुपरवायझरला फक्त सहानुभूतीने ऐकायला शिकवलं आणि काम बदलण्याचा अधिकार दिला नाही, तर प्रशिक्षणावरचा खर्च वाया जातो. त्याहून वाईट म्हणजे, विश्वासाने बोललेल्या माणसाची फसगत होते.

प्रश्न किती मोठा आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगभरात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. भारतात निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी साधारण दर दहांत एकाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हे प्रमाण तुमच्या खात्याला लावून पाहा. तीस माणसांच्या खात्यात साधारण तिघेजण असा काही त्रास घेऊन रोज पंचिंग करत असतील, आणि त्यांतले बहुतेक कोणालाही न दाखवता.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखा सल्लागार कंपनीत चार महिन्यांपूर्वीच लागलेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. रात्री उशिरा आणि सुटीच्या दिवशी सोपवलेल्या कामाबद्दल त्या माऊलीने त्यात लिहिलं होतं. केंद्रीय श्रम मंत्रालयालाही दखल घ्यावी लागली. एखाद्या मृत्यूचं कारण बाहेरून ठरवणं योग्य नाही. पण काम कधी, किती आणि कोणत्या सुरात सोपवलं जातं, हा त्या पत्राचा विषय होता, आणि या तिन्ही गोष्टी सुपरवायझरच्या हातातल्या आहेत.

सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र शिफारस आहे, आणि कामाची रचनाच सुधारण्यावरही तितकाच भर आहे. प्रशिक्षणाचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलातल्या १२८ अधिकाऱ्यांवर एक अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात तो आला. काही अधिकाऱ्यांना फक्त चार तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं, तर त्यांच्या हाताखालच्या लोकांच्या कामाशी निगडित आजारपणाच्या रजा घटल्या होत्या, आणि प्रशिक्षणावर खर्चलेल्या एका पौंडामागे सुमारे दहा पौंड वाचले होते. चार तास कोणत्याही कंपनीला काढता येतात.

प्रशिक्षणाआधी तीन अधिकार लेखी द्या

बहुतेक ठिकाणी सुरुवात व्याख्यानाने होते. वक्ते येतात, तणाव म्हणजे काय ते सांगतात, शेवटी सगळे डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात आणि कामाला लागतात. काम मात्र तसंच राहतं. म्हणून प्रशिक्षकाला बोलावण्याआधी व्यवस्थापनाने सुपरवायझरना तीन गोष्टी लेखी द्याव्यात.

पहिली, तातडीची रजा. वरून परवानगी न मागता एक-दोन दिवसांची रजा, कारण न लिहिता, जागच्या जागी देण्याचा अधिकार.

दुसरी, कामाची फेरवाटणी. दोन ते चार आठवड्यांपुरतं काम कमी करणं, मुदत पुढे ढकलणं, रात्रपाळीतून दिवसपाळीत आणणं.

तिसरी, उपचाराची वेळ. डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जाण्यासाठी पगार न कापता मोकळीक.

या तीन गोष्टी नसतील तर सुपरवायझर मन लावून ऐकेल आणि शेवटी "बघतो, वर विचारून सांगतो" म्हणेल. असं एकदा झालं की तो कर्मचारी पुन्हा बोलणार नाही, आणि शेजारी बसणाराही बोलणार नाही.

सुपरवायझरच्या स्वतःच्या ताटात काय वाढलं आहे तेही इथेच पाहा. एका टीम लीडकडे चाळीस माणसं असतील, वर क्लायंटचा रोजचा तगादा असेल, तर कोण गप्प झालं आहे हे त्याला दिसणार कसं? त्याच्या हाताखालची संख्या आवाक्यात आणणं हा प्रशिक्षणाच्या तयारीचाच भाग आहे. त्यालाही मन मोकळं करायला कोणी वरिष्ठ ठरवून द्या.

चार तासांची आखणी

एका गटात बारा ते पंधरा जण पुरे. चार तास सलग घ्या किंवा दोन-दोन तासांची दोन सत्रं करा. शिकवणाऱ्यांत एक मानसशास्त्रज्ञ असावा आणि त्याच्या जोडीला तुमच्याच कारखान्यातला किंवा कार्यालयातला, लोक ज्याचं ऐकतात असा एक अनुभवी माणूस. मराठी मुलखात ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आहे. तिचं साहित्य मराठीत आहे आणि ते तयारीला उपयोगी पडेल.

पहिला तास: ओळखायचं कसं. दुसरा तास: बोलायचं कसं, तेही प्रत्यक्ष सराव करून. तिसरा तास: कामात काय बदलायचं आणि कायदा काय सांगतो. चौथा तास: जिवाला धोका असेल तर काय करायचं आणि कुठे पाठवायचं. एका महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी पाऊण तासाची उजळणी ठेवा. त्यात प्रत्येकाने, नावं न घेता, आपल्याला आलेला एक प्रसंग मांडावा. कारखान्यात आगीच्या वेळी नळी कशी धरायची हे भिंतीवरच्या तक्त्याने येत नाही, त्यासाठी कवायत करावी लागते. इथेही तसंच आहे.

ठेकेदाराचे सुपरवायझर आणि मुकादम यांना वगळू नका. सफाई, सुरक्षा, कँटीन, भरणी-उतराई ही कामं करणारी माणसं ठेकेदाराची असतात, त्यांचे तास सगळ्यांत जास्त आणि रजा सगळ्यांत कमी. त्यांच्या मुकादमांसाठी सत्र हिंदीत किंवा तेलुगूत घ्या.

ओळखायचं कसं

सुपरवायझरने निदान करायचं नाही. 'डिप्रेशन', 'बायपोलर' हे शब्द त्याने कोणाला चिकटवू नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसारही उपचाराशी थेट संबंध असल्याखेरीज कोणाची मानसिक रुग्ण म्हणून वर्गवारी करता येत नाही. त्याने फक्त बदल पाहायचा. हा माणूस एरवी कसा असतो आणि आता कसा आहे?

वेळेवर येणारा उशिरा येऊ लागला, किंवा उलट, घरी जायचं नावच काढत नाही. चोख काम करणाऱ्याच्या नोंदी चुकू लागल्या. जेवणाच्या सुटीत गप्पा मारणारी एकटीच डबा खाते. कॉलवर कॅमेरा कायम बंद. क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं. सोमवारच्या रजा वाढणं. तोंडाला दारूचा वास. आणि आपल्याकडे फार वेळा दिसणारं म्हणजे शरीराच्या तक्रारी: डोकं जड आहे, अ‍ॅसिडिटी आहे, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही. मन बरं नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही, तेव्हा माणूस शरीराचं गाऱ्हाणं सांगतो.

यांतली एखादी गोष्ट दोन-चार दिवस दिसली तर घाबरायचं कारण नाही. आजारपण, भांडण, पैशाची चणचण काहीही असू शकतं. बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा तीन-चार खुणा एकदम दिसल्या, तर बोलायची वेळ झाली असं समजा.

बोलायचं कसं

समजा, टीम लीड मराठी आहे आणि टीममधली मुलगी नांदेडची. त्यांचं बोलणं असं होऊ शकतं.

"पंधरा मिनिटं आहेत का तुला? खाली चहा घेऊ. कामातल्या चुकांविषयी बोलायचं नाहीये."

"काही झालंय का सर?"

"नाही, तसं काही नाही. गेल्या दोन आठवड्यांत तुझे तीन-चार मेल रात्री अडीचला आले. सकाळच्या कॉलवर आवाज थकलेला वाटतो. आधी असं नव्हतं, म्हणून विचारतोय. बरी आहेस ना?"

"हो सर. थोडं टेन्शन आहे, बाकी काही नाही."

"सांगावंसं वाटलं तर सांग. नाही सांगितलंस तरी माझं काही म्हणणं नाही."

(इथे तो थांबतो. अर्धा मिनिट कोणीच बोलत नाही.)

"झोपच लागत नाही सर. सकाळी उठलं की धडधडायला लागतं. घरी सांगितलं तर आई म्हणते, सोडून ये."

"कधीपासून होतंय असं?"

"दुसरा क्लायंट आल्यापासून. एक संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू होतं."

"बोललीस ते बरं केलंस. दुसऱ्या क्लायंटचं काम मी आजच दुसऱ्या कोणाकडे देतो, महिनाभर. झोपेचं मात्र डॉक्टरांना दाखवू या. शुक्रवारी दुपारनंतर मोकळी राहा, रजा टाकायची गरज नाही. मंगळवारी पुन्हा बोलू."

"टीममध्ये कळेल का सर?"

"माझ्याकडून नाही. कामाची वाटणी बदलली एवढंच सांगेन. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला कोणाची तरी मदत घ्यावी लागेल. ते आत्ताच सांगून ठेवतो."

या टीम लीडने काय केलं ते प्रशिक्षणात गटाकडूनच काढून घ्या. त्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टींपासून सुरुवात केली, ऐकीव गोष्टी आणल्या नाहीत. आजाराचं नाव घेतलं नाही. शांतता भरून काढायची घाई केली नाही. उपदेश केला नाही. काम त्याच दिवशी बदललं. पुन्हा बोलायचा वार ठरवला. गुप्ततेची हमी दिली आणि तिची मर्यादाही सांगितली.

सराव तिघा-तिघांत घ्या. एक सुपरवायझर होईल, एक कर्मचारी, तिसरा फक्त पाहील आणि शेवटी काय चांगलं झालं व काय खटकलं ते सांगेल. मग भूमिका बदला. प्रत्येकाची किमान एकदा पाळी यायला हवी, कारण कर्मचाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावरच अर्धवट ऐकून घेतलं जाणं काय असतं ते कळतं.

काही वाक्यं आपल्या तोंडात इतकी बसलेली आहेत की ती प्रयत्नाने टाळावी लागतात. "टेन्शन कोणाला नाही?", "मन घट्ट कर", "आमच्या वेळी आम्ही सोळा-सोळा तास काम केलं", "रोज योगा कर", "लग्न झालं की सगळं ठीक होईल." यांत बोलणाऱ्याची इच्छा वाईट नसते, पण ऐकणारा दार लावून घेतो. त्याऐवजी "हे अवघड आहे, कळतंय मला", "कामातली कोणती गोष्ट सगळ्यांत जास्त जड जाते?", "माझ्याकडून काय झालं तर हा आठवडा सुसह्य होईल?" अशी वाक्यं तोंडात बसवा.

हैदराबादेत भाषेचं भान विशेष ठेवावं लागतं. एकाच लाइनवर तेलुगू, दखनी, हिंदी, मराठी, ओडिया बोलणारे असतात. कामापुरतं हिंदी-इंग्रजी सगळ्यांना येतं, पण मनातलं बोलायला ते पुरत नाही. समोरच्याची भाषा तुम्हाला येत नसेल, तर त्याच्या विश्वासातला, त्याची भाषा जाणणारा एखादा प्रशिक्षित सहकारी त्याच्याच संमतीने सोबत घ्या.

कामात काय बदलायचं

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने २००४ मध्ये कामाच्या ताणाची सहा मुळं ठरवली: कामाचा भार, कामावर स्वतःचा ताबा, मिळणारा आधार, माणसांमधले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची पद्धत. सुपरवायझरला ती सहा प्रश्न म्हणून द्या. काम झेपण्यापेक्षा जास्त आहे का? आधी काय करायचं हे त्याला स्वतः ठरवता येतं का? अडला तर विचारायला कोणी आहे का? कोणी त्याला त्रास देतंय का? त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे हे त्याला ठाऊक आहे का? नवा बदल त्याला आधी समजावून सांगितला होता का? जिथे उत्तर अडखळेल तिथून बदल सुरू करा.

तासांचा हिशेब सुपरवायझरला तोंडपाठ हवा. तेलंगणा सरकारने ५ जुलै २०२५ च्या आदेशाने व्यापारी आस्थापनांना दिवसाला १० तास काम घेण्याची मुभा दिली आहे, मात्र आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. त्यापुढे जादा कामाचा मोबदला द्यावा लागतो, आणि तिमाहीत जादा काम १४४ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. सहा तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही बंधनकारक आहे. चार दिवस दहा तास काम घेतलं तर पाचव्या दिवशी आठच तास उरतात, हे गणित वेळापत्रक लावणाऱ्याला यायला हवं.

अमेरिकेच्या वेळेनुसार चालणाऱ्या कार्यालयांत आणि तीन पाळ्यांच्या कारखान्यांत झोप हा पहिला बळी. पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकवा, शरीराला ते उलट्या क्रमापेक्षा सोपं जातं. रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावू नका. पाळी संपल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर काम पाठवू नका. लिहायचंच असेल तर लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा.

कधी त्रासाचं मूळ कामात नसतं, माणसात असतं. वरिष्ठ लगट करतो, शेरे मारतो. असं समोर आलं तर समुपदेशन हा त्यावरचा उपाय नव्हे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. सुपरवायझरने तो मार्ग सांगायचा, तडजोड घडवायला जायचं नाही.

जिवाला धोका वाटला तर

"आता पुरे झालं", "मी नसलो तर सगळे सुटतील" अशी वाक्यं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं वागणं, ही लक्षणं दिसली तर थेट विचारा: "जीव द्यावा असे विचार मनात येतात का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरला जातो, ही भीती निराधार आहे. उलट, विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. दुसऱ्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला बोलवा. त्याला धोकादायक जागा, रसायनं, यंत्रं यांपासून दूर शांत खोलीत बसवा. त्याच्याशी बोलून घरच्या ज्या माणसावर त्याचा भरवसा आहे त्याला फोन करा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि वीस भाषांत सेवा देते. धोका तातडीचा असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

पोलिसांच्या भीतीने अशी गोष्ट दडपू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असंच गृहीत धरतो, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ राहिलेलं नाही.

एक वेगळी वेळही सुपरवायझरवर येऊ शकते. ३० जून २०२५ रोजी हैदराबादजवळ पाशमैलारमच्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. त्यांत परराज्यांतून आलेले अनेक कामगार होते. अशा घटनेनंतर वाचलेल्यांना झोप न येणं, दचकणं, त्या जागेकडे पाय न वळणं हे अगदी स्वाभाविक आहे. त्यांना घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. गावी बोलणं करून द्या, पगार आणि भरपाईची खरी माहिती द्या, त्याच यंत्रावर परतायची सक्ती करू नका. महिनाभराने त्रास ओसरला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

कुठे पाठवायचं, खर्चाचं काय

प्रत्येक सुपरवायझरच्या खिशात एक कार्ड असावं. त्यावर १४४१६, कंपनीचा समुपदेशक असेल तर त्याचा क्रमांक, आणि जवळचं रुग्णालय. हैदराबादेत एर्रागड्ड्याची इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ हे मानसिक आजारांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. उस्मानिया आणि गांधी या सरकारी रुग्णालयांतही मनोविकार विभाग आहेत. 'रोशनी' ही हैदराबादची संस्था १९९७ पासून, खचलेल्या माणसाचं फोनवर ऐकून घेण्याचं काम करते.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा आधार आहे, आणि सनतनगरला ईएसआयचं मोठं रुग्णालय आहे. आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. तीव्र मानसिक आजारांसाठी, स्किझोफ्रेनियासारख्या, ठरावीक अटींवर ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते आणि रक्कम ८० टक्के होते. हे ठाऊक नसल्यामुळे माणसं आजारपणात नोकरी सोडून गावी परततात. कंपनीचा गट विमा असेल तर मनुष्यबळ विभागाने कागद काढून पाहावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणं विमा कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे.

परत येणाऱ्याचं स्वागत

उपचार घेऊन माणूस परततो तो दिवस नाजूक असतो. आदल्या दिवशी सुपरवायझरने फोन करावा. "टीमला काय सांगू, ते तूच सांग" असं विचारावं आणि तेवढंच सांगावं. पहिले दोन आठवडे अर्धं काम, मग पाऊण, मग पूर्ण, असा लेखी आराखडा दोघांनी मिळून करावा. गोळ्यांमुळे सकाळी सुस्ती येत असेल तर उशिराची पाळी द्यावी. उंचीवरचं किंवा धोक्याच्या यंत्रावरचं काम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. बढती आणि मूल्यमापनात त्या रजेचा उल्लेखही येऊ नये.

यात कायदाही कर्मचाऱ्याच्या पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की मानसिक विकलांगतेतून घडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. म्हणून नोटीस काढण्याआधी सुपरवायझरने एवढं तरी पाहावं: वागण्यातला हा बदल आजारातून आला आहे का, आणि आपण त्याच्याशी एकदा तरी बोललो आहोत का?

उपयोग झाला हे कसं कळेल

किती जणांनी प्रशिक्षण घेतलं हा आकडा फक्त अहवालापुरता. सहा महिन्यांनी वेगळे प्रश्न विचारा. सुपरवायझरकडे किती जण आपणहून बोलायला आले? किती जणांचं काम प्रत्यक्षात बदललं? आजारपणाच्या रजा आणि राजीनामे कोणत्या खात्यात वाढले, कुठे घटले? कर्मचाऱ्यांकडून नावाशिवाय एकच प्रश्न लिहून घ्या: "मला त्रास झाला तर मी माझ्या सुपरवायझरशी बोलेन का?" 'नाही' म्हणणारे ज्या खात्यात जास्त, तिथे सुपरवायझरला दोष देण्याआधी त्याच्याकडे माणसं किती, काम किती आणि अधिकार किती ते तपासा.

सुरुवात मोठी असायला नको. या महिन्यात तीन अधिकारांचं एक पानी पत्रक काढा आणि बारा जणांची पहिली तुकडी बसवा. पुढच्या महिन्यात त्यांनाच विचारा, कोणाशी बोललात आणि त्याचं काम काय बदललंत. या दुसऱ्या प्रश्नाला एका जरी सुपरवायझरकडे ठोस उत्तर असेल, तर तुमच्या कंपनीत एका माणसाचं ओझं खरोखर हलकं झालं आहे. तिथूनच पुढची तुकडी घ्या.